नऊशे मीटर-तास

सायकलच्या हँडलवर बसवायच्या जुन्या संगणकाच्या पाठीवर, बॅटरीच्या झाकणाखाली, एक छिद्र असतं. त्याचा व्यास एक पूर्णांक दोन मिलिमीटर. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं आहे. राजगिऱ्याचा एक दाणा त्यात बरोबर अडकेल. या छिद्रातून बाहेरची हवा आत येते, आतल्या पातळ पडद्यावर दाबते, आणि पडदा किती वाकला यावरून यंत्र उंची सांगतं. वर जावं तशी हवा विरळ होते, दाब घटतो. साताऱ्याच्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की एक मिलिबार. पण आभाळ भरून आलं तरी दाब घटतो. मग सायकल झाडाला टेकवून आपण चहा पीत असलो, तरी यंत्राच्या मते आपण चढतच असतो. आणि छिद्रात घाम किंवा चिखल गेला तर उलटं होतं: आपण चढतो, आकडा जागचा हलत नाही.

गेल्या सप्टेंबरात आमच्या क्लबच्या ‘सात घाट’ फेरीत तृप्ती निकम आणि मी सहाव्या घाटात बाद झालो, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या यंत्राचं छिद्र चिखलानं बंद झालं होतं.

सात घाट ही जोड्यांची फेरी आहे, दोन दिवसांची. तिचा मुख्य नियम एकच. जोडीतल्या दोघांच्या उंचीत कुठल्याही क्षणी वीस मीटरपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. बाकीचे क्लब वेळ मोजतात, आमचा क्लब सोबत मोजतो. माथ्यावर दोघांनी एकदमच पाय टेकायचा. पुढे जाऊन वाट बघत थांबणं चालत नाही, पुढे जायचंच नाही. आमच्या दोन यंत्रांनी चौतीस मीटरचा फरक दाखवला होता.

ऑक्टोबरात एका शनिवारी मी माझं यंत्र कामावर नेलं. दाब मोजणारी उपकरणं खरं बोलतात की नाही हे तपासणं हा माझा व्यवसाय. एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं तेच करते. यंत्र दाबपेटीत ठेवलं, सातशे मीटरपासून तेराशे मीटरपर्यंतचा दाब पायरीपायरीनं दिला. सगळ्यात मोठी चूक निघाली चाळीस सेंटिमीटरची. छिद्र स्वच्छ होतं. चौतीस मीटर खरे होते. मी मागे पडले होते.

तसं मला ते सहाव्या घाटातच कळलं होतं. तिथेच मी ठरवलंही होतं की पुढच्या वर्षापासून जोडीत राहायचं नाही. ठरवायला एक वळण पुरलं. सांगायला मात्र पुढचे दहा महिने जमलं नाही, कारण मी बाहेर पडले की तृप्तीच्या शेजारची जागा रिकामी होणार होती, आणि ती कोण भरणार हे मला माहीत होतं.

*

अकरा वर्षांपूर्वी बदलीवर साताऱ्याला आले तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि इथे कुणाला ओळखत नव्हते. एक सायकल घेतली, चार दिवसांत गुडघा धरला. राजपथावरच्या एका औषधांच्या दुकानात गुडघ्याचा पट्टा मागितला. काउंटरमागच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं, आणि पट्टा देण्याऐवजी ड्रॉवरमधून पाना काढला. रस्त्यावर येऊन तिनं माझी सीट चार बोटं वर केली. “पट्टा नको तुम्हाला,” ती म्हणाली, “उंची हवी होती.” ती तृप्ती. त्यानंतरच्या रविवारपासून आम्ही बरोबर चढतो. आजवर किती रविवार झाले ते मी सांगू शकते, पण सांगणार नाही.

अन्वी शेलार क्लबात आली ती गेल्या ऑगस्टात, त्या फेरीच्या तोंडावर. वय सव्वीस, पाटबंधारे खात्यात पाळीची नोकरी, सुट्टी गुरुवारी. यवतेश्वराचा घाट ती गप्पा मारत चढते. ती तृप्तीला ‘ताई’ म्हणते आणि मला ‘काकू’. तृप्ती माझ्याहून सतरा महिन्यांनी लहान आहे. एका रविवारी माथ्यावर अन्वीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि तृप्ती तोंड न पुसता तिच्यातलं पाणी प्यायली. माझ्या बाटलीतलं पाणी तिला नेहमी कोमट लागतं.

त्या दिवशी परतीच्या उतारावर त्या दोघी पुढे गेल्या. उतारावर पुढे जायला हरकत नाही, फेरी नव्हतीच ती. शेवटच्या वळणावर त्या मला दिसल्या तेव्हा तृप्ती मान मागे टाकून हसत होती. काय विनोद झाला ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, काही नाही गं, असंच. माणसं ज्या गोष्टीला ‘असंच’ म्हणतात ती गोष्ट मला उपकरणातल्या अज्ञात चुकीसारखी छळते.

*

जानेवारीत क्लबचे चिटणीस बर्गे सर माझ्याकडे आले. गेल्या वर्षी उंचीवरून सात तक्रारी आल्या होत्या, त्यातली पहिली माझी. या वर्षी सगळ्या जोड्यांनी एकाच जातीचं, भरवशाचं उंचीमापक असलेलं यंत्र वापरावं असं ठरलं होतं, आणि ते कुठलं, हे मी सांगायचं होतं.

पर्याय तीन होते. पहिला, सुधारलेल्या दाबमापकाचा: छिद्राला पाणी न शिरू देणारा पडदा, तापमानाची दुरुस्ती. चांगलं यंत्र, पण आभाळ भरून आलं की तेही फसणार. दुसरा उपग्रहांवर चालणारा. मोकळ्या पठारावर तो उत्तम. घाटात एका बाजूला कडा उभा असतो, अर्धं आकाश झाकलेलं असतं, आणि उंची दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होते. वीस मीटरच्या नियमाला ते परवडणारं नाही.

तिसरा पर्याय घड्याळाचा होता.

वस्तुमानाजवळ काळ हळू चालतो, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितका काळ हळू. जितकं वर, तितका जलद. माळ्यावरचं घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा पुढे जातं. एक मीटर उंचीला पडणारा फरक इतका लहान की दोन घड्याळं विश्वाच्या जन्मापासून चालत असती तरी त्यांच्यात मिनिटभराचंही अंतर पडलं नसतं. पण फरक पडतो, आणि त्याला आभाळ, वारा, चिखल यांचं काही देणंघेणं नसतं. इतकं अचूक घड्याळ पूर्वी खोलीभर असायचं. मग थोरियमच्या अणुकेंद्राचं घड्याळ आलं, खसखशीच्या दाण्याएवढ्या स्फटिकात मावणारं. केंद्रक बाहेरच्या धक्क्यांना फारसं जुमानत नाही, म्हणून ते सायकलवर बसवता येतं. तालुक्याच्या मनोऱ्यावर तसंच एक घड्याळ असतं. यंत्र आपलं घड्याळ त्याच्याशी ताडून बघतं आणि उंची सांगतं, दहा सेंटिमीटरच्या आत. वेगाचीही दुरुस्ती करावी लागते, कारण धावणारं घड्याळ मागे पडतं. ताशी छत्तीस किलोमीटरला यंत्र आपल्याला पाच मीटर खाली समजेल. त्यासाठी चाकाला एक छोटा चुंबक लावतात.

मी चार पानी अहवाल लिहिला. तिन्ही पर्यायांचे तक्ते दिले, घड्याळाची शिफारस केली. जुनी यंत्रं का नकोत या परिच्छेदात दाबपेटीतल्या चाचणीचा तक्ता मी दिला नाही. बाकी प्रत्येक आकडा खरा होता.

शिफारशीचं खरं कारण अहवालात नव्हतं. ते त्या यंत्राच्या माहितीपुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर होतं, आणि ते पान माझ्याखेरीज कुणी वाचलं नसणार. ही यंत्रं जोडीनं विकतात. दोन्ही यंत्रं हाताच्या अंतरावर आली की ती एकमेकांशी ताडली जातात, आणि पडद्यावर ‘जोडीचा फरक’ दिसतो: मागच्या भेटीपासून एका घड्याळानं दुसऱ्यापेक्षा किती काळ जास्त मोजला, ते. सायकलफेरीची नोंद पुसता येते, नकाशा पुसता येतो. हा फरक पुसता येत नाही, कारण तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. घड्याळानं तेवढा काळ खरोखरच मोजलेला असतो. तो परत कसा घेणार?

ते पान मी तीनदा वाचलं, आणि शिफारस केली.

*

फरक पिकोसेकंदांत येतो, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात. मी त्याचे मीटर-तास करून घेत असे. एक मीटर उंचीवर एक तास घालवला की एक मीटर-तास. शंभर मीटरवर दहा तास म्हणजे हजार.

तृप्तीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, शिवाय तिची वस्ती डोंगराच्या बाजूला. यंत्र आठवडाभर तिथे नुसतं पडून राहिलं तरी फरक पडणारच. तो वजा करायचा तर तिची उंची नीट माहीत हवी. मी चहाला गेले, माझं यंत्र तिच्या फ्रिजवर वीस मिनिटं ठेवलं. माझ्या घरापेक्षा एकतीस मीटर चाळीस सेंटिमीटर जास्त. मग मी तिला सांगितलं की हे यंत्र घरात नेहमी एकाच जागी ठेवावं लागतं, नाहीतर स्फटिक बिघडतो. फ्रिजवरची जागा चांगली आहे. तिनं मान डोलावली. बर्गे सरांनी सांगितलं असतं तर तिनं दोन प्रश्न विचारले असते. मी सांगितलं म्हणून विचारले नाहीत.

यंत्रं मार्चमध्ये आली. रविवारी सकाळी पोवई नाक्यावर भेटलो की आमची हँडलं शेजारी यायची आणि आकडा उमटायचा. तृप्ती म्हणायची, बघ, किती पुढे आहे मी तुझ्या. घरी जाऊन मी फ्रिज वजा करायची. पहिल्या दोन आठवड्यांत बाकी जवळपास शून्य आली. रविवारी आम्ही बरोबर असतो, इतर दिवशी सायकल बंद. शून्यच यायला हवी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाकी नऊशे दहा मीटर-तास आली. पुढच्या आठवड्यात आठशे ऐंशी. नंतर नऊशे पस्तीस.

तिचं दुकान गुरुवारी बंद असतं. मी विचारलं, गुरुवारी काय केलंस. “झोप काढली,” ती म्हणाली. “या वयात आणखी काय काढायचं असतं?” आणि हसली. मला हसू आलं नाही. अन्वी मागे उभी राहून बुटाचे बंद बांधत होती, आणि मला वाटलं की ती मुद्दाम खाली बघते आहे.

घरी मी गणित केलं. साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटानं कासच्या पठारावर जाऊन यायचं, तर तृप्तीच्या घरापेक्षा सरासरी तीनशे मीटर जास्त उंची. नऊशे भागिले तीनशे: तीन तास. माझ्याबरोबर कास करायला साडेपाच तास लागतात. तीन तास हा अन्वीचा वेळ होता.

एखादा आकडा आपल्या संशयाशी इतका तंतोतंत जुळला की समाधान होतं, हे सांगायला मला लाज वाटते. पण झालं. जवळजवळ आनंद म्हणावा असं काहीतरी झालं. मग पूर्ण मे महिना मी तो आकडा दर रविवारी घरी नेला आणि एकटीनं पाहिला. तृप्ती चढावर माझ्या शेजारी असायची, तिचं चाक माझ्या चाकाच्या बरोबरीनं, आणि मी तिच्या पायांकडे बघायची. गुरुवारी हेच पाय किती जोरात फिरत असतील! तिचा श्वास चढत नसे. मला तो न चढणारा श्वास ऐकू यायचा.

मी तिच्याशी कमी बोलू लागले. तिनं एकदा विचारलं, लॅबमध्ये काही झालंय का. मी म्हटलं, काही नाही, असंच.

*

सात घाटांचे फॉर्म जुलैच्या एका रविवारी भरायचे होते. फॉर्मवर दोन नावं आणि दोन सह्या लागतात. त्याआधीच्या गुरुवारी मी रजा टाकली. माझा विचार साधा होता: कासच्या वरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं, त्या दोघी येतील, मी दिसेन, आणि मग मला काही बोलावं लागणार नाही.

पहाटे साडेपाचला निघाले. पाऊस थांबलेला होता, घाटात धुकं होतं. अलीकडे मालवाहू गाड्यांना चालक नसतात. सायकल दिसली की त्या मागे थांबून जागा मिळेपर्यंत वाट बघतात. सबंध घाटभर एक गाडी माझ्या मागे शांतपणे गुणगुणत राहिली, आणि मला तिचाही राग आला. टपरीवर पोचायला नऊ वाजले. तिथली बाई शेगडीवर कणसं भाजत होती. मी पाठ भिंतीला लावून, रस्ता दिसेल अशी बसले.

साडेनऊला अन्वी आली. एकटी.

तिनं मला पाहून हात केला, सायकल टेकवली, माझ्यासमोर येऊन बसली. काकू, आज सुट्टी का, वगैरे. मी रस्त्याकडे बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी विचारलं की तृप्ती किती मागे आहे.

अन्वीला प्रश्न कळला नाही. तृप्तीताई तिच्याबरोबर कधीच कासला आलेल्या नाहीत, असं ती म्हणाली. तिनं जोडीसाठी विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. तिला अजून जोडीदार मिळालेला नव्हता, आणि बहुतेक या वर्षी ती फेरीत नसणारच होती.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“म्हणाल्या, जागा रिकामी नाही.” अन्वीनं कणसाचा एक दाणा सोलून तोंडात टाकला. “तिसऱ्यांदा विचारलं तर ओरडल्या. मी परत नाही विचारलं, काकू. शप्पथ.”

मग गुरुवारी ती कुठे असते, हे मी विचारलं. विचारताना माझा आवाज सपाट होता.

“खालीच असतात ना. पाच-सहा वळणांत, सकाळपासून दुपारपर्यंत. येताना मी हात करते. मला वाटलं, तुम्हालाच माहीत असेल.”

नव्या तंत्रज्ञांना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवते. गुणाकार हातात आला म्हणजे त्यातले दोन आकडे हातात आले असं नव्हे. नऊशे म्हणजे तीनशे गुणिले तीन. नऊशे म्हणजे एकशे तीस गुणिले सातही, थोडं इकडेतिकडे. एका समीकरणात दोन अज्ञातं असली की उत्तरं हवी तितकी निघतात, आणि त्यातलं आपल्याला आवडणारं उत्तर निवडणं हे मोजमाप नव्हे. हे मी अकरा वर्षं शिकवते आहे. सबंध उन्हाळा मी एकच उत्तर मांडून त्याच्याकडे बघत बसले होते.

आणि तरीही, उतरायला लागले तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा: तृप्ती कुठे असते हे अन्वीला माहीत होतं आणि मला नव्हतं.

*

यवतेश्वराच्या खालच्या वळणांत धुकं विरलं होतं. वरून रस्त्याची पट्टी स्पष्ट दिसत होती. आधी मला गाड्या दिसल्या: चालक नसलेल्या तीन गाड्या, एकामागे एक, माणसाच्या चालीनं घाट चढत होत्या. त्यांच्या पुढे तृप्ती होती.

मी वळणाच्या कठड्यापाशी थांबले.

ती इतकी हळू चढत होती की प्रथम वाटलं, सायकल बिघडली आहे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई तिला मागे टाकून गेली आणि जाताना काहीतरी बोलली. तृप्तीनं रस्त्यावरची नजर काढली नाही. तिचं पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे डगमगत होतं, दोन्ही हात ताठ होते, ओठ आवळलेले. कुठेही पाय न टेकता तिनं ते वळण पार केलं, थोड्या सपाट जागी सायकल फिरवली, गाड्यांना वाट दिली, आणि पुन्हा खाली गेली. खालून पुन्हा तसंच चढायला लागली. दोन्ही गुडघ्यांवर तपकिरी पट्टे होते, तिच्याच दुकानातले.

दुसऱ्यांदा ती वर आली तेव्हा मी रस्त्यात उभी होते. तिनं मला पाहिलं, आणि पाय टेकला.

“तू लॅबमध्ये नाहीस,” ती म्हणाली.

“आणि तू झोपलेली नाहीस.”

तिच्या हँडलवर, यंत्राच्या खाली, चिकटपट्टीनं एक कागद लावला होता. त्यावर पेननं ४.६ असं लिहिलेलं होतं. ताशी चार पूर्णांक सहा किलोमीटर. गेल्या वर्षी सहाव्या घाटात माझी सरासरी तेवढी होती. हा आकडा जगात फार तर दोन माणसांना माहीत असेल.

मी कागदाकडे बघते आहे हे पाहून तिनं तो तळव्यानं झाकला. मग हात काढला.

“हसू नकोस,” ती म्हणाली. “जोरात चढायला दम लागतो, तेवढा आहे माझ्याकडे. तुझ्या चालीनं चढायला तोल लागतो. तो नाही. मागच्या वर्षी चाक डगमगायला लागलं, मी सावरायला वेग घेतला, आणि पुढच्या वळणापर्यंत थांबताच येईना. मागे बघितलं तर तू नव्हतीस. चौतीस मीटर गं.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. छिद्र, चिखल, क्लबच्या सभेतलं माझं पाच मिनिटांचं भाषण, सगळं तिनं ऐकून घेतलं होतं आणि मान डोलावली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“औषधांचं दुकान आहे माझं. दुखतं कुठे आणि माणूस दाखवतो कुठे, हे रोज बघते.” तिनं पट्टा वर ओढला. “तुला या वर्षीही यायचं होतं. म्हणून म्हटलं, आपणच शिकून घ्यावं हळू चालायला.”

“रोज सात तास?”

“रोज कुठे, गुरुवारीच. आणि जेवणाची सुट्टी धरून. डबा आणते मी.”

खालच्या वळणावर आणखी एक गाडी येऊन थांबली होती. आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो, म्हणून ती नुसती उभी राहिली, दिवे मंद करून. आम्ही सायकली कडेला घेतल्या. तृप्ती कठड्यावर बसली आणि दोन्ही गुडघे हातांनी चोळू लागली. डावा जास्त. सुजला होता. पट्ट्याच्या वरच्या कडेला कातडी तकतकीत झाली होती. मी तिला विचारलं नाही की दुखतं का. ती ‘नाही’ म्हणाली असती.

माझा मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्या क्षणीही मला अन्वी दिसत होती: तृप्तीच्या शेजारी, दोघी आपापल्या वेगानं, म्हणजे एकाच वेगानं, माथ्याकडे जाताना. तृप्ती मान मागे टाकून हसताना. सातव्या घाटाच्या माथ्यावर दोघींचे पाय एकदम टेकताना. त्या चित्रात मी कुठे उभी राहू शकेन हे शोधून पाहिलं. जागा नव्हती. आणि दुसऱ्या चित्रात, ज्यात मी होते, तृप्ती दोन दिवस ओठ आवळून, ताठ हातांनी, माझ्या चालीनं चढत होती.

तिनं डब्यातून एक पोळी काढून माझ्यापुढे धरली. तोंडातला घास गिळून म्हणाली की रविवारी फॉर्मवर सही करायला लवकर ये, बर्गे सर दहाला उठून जातात. आणि आता बघितलंच आहेस तर उरलेल्या गुरुवारी तूही येत जा, एकटीनं हळू चालायचा कंटाळा येतो.

मी पोळी घेतली. खाल्ली नाही. गेल्या सप्टेंबरापासून जे वाक्य मनात तयार होतं त्यातले शब्द मी एकदा मोजून घेतले, फार नव्हते.

“तृप्ती,” मी म्हणाले, “फॉर्मवर तुझ्याखाली अन्वीचं नाव लिही. मी जोडी सोडते आहे.”